मुलींची व्यवस्था

आमच्या हायस्कुलाच्या हेडमास्तरांना ‘संडास’ हा शब्द उच्चारता येत नसे. जीभ विटाळायची त्यांची. ते म्हणायचे, ‘ती व्यवस्था’. मुलांची ती व्यवस्था मैदानापलीकडे दगडी गडग्याच्या आड होती. मुलींची नव्हती. का नव्हती, तर शाळा बांधली तेव्हा इथे मुली येतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बरं, नसेल आलं. पण आम्ही येऊन वर्ष उलटलं तरी या शहाण्यांच्या डोक्यात उजेड पडेना, याला काय म्हणावं?

आम्ही म्हणजे दोघीच. अख्ख्या हायस्कुलात मुली दोनच. मी उमरठकडची, वडील मुंबईला गोदीत, म्हणून महाडात मामाकडे राहून शिकत होते. दुसरी दासगावची. तिच्या वडलांची खाडीकाठाला भातशेती. त्यांना सही करता येत नव्हती, पण आपली पोरगी गणितात मुलांच्या पुढे आहे असं कुणी सांगितलं की माणूस फुलून जायचा. दासगावला बोटीतून उतरलेल्या उतारूंना घेऊन एक मोटर महाडला यायची, त्या मोटरीने ती सकाळी यायची आणि दिवस कलल्यावर परत जायची. म्हणजे सबंध दिवस शाळेत.

वर्गात आम्ही मास्तरांच्या मागून शिरायचं, त्यांच्या टेबलाशेजारच्या बाकावर बसायचं आणि त्यांच्याच मागून बाहेर पडायचं. मधल्या सुट्टीत कुठे जायचं ते कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून आम्ही व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून डबा खायचो. सरकारी तपासनीस आले की मात्र आमचा भाव वधारायचा. ‘आमच्या शाळेत मुलींनाही मुक्तद्वार आहे,’ असं हेडमास्तर छाती काढून सांगायचे आणि आम्हाला उभं करून दाखवायचे. जत्रेतला दोन तोंडांचा बैल दाखवतात ना, तसं!

पहिल्या वर्षी शाळेशेजारच्या घरातली एक बाई आम्हाला तिच्या परसात जाऊ द्यायची. भली बाई. पण ती घराला कुलूप ठोकून मुंबईला लेकाकडे गेली आणि आमचे हाल सुरू झाले. मामाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, मधल्या सुट्टीत जाऊन येणं शक्य नाही. मग आम्ही एक युक्ती काढली. पाणीच प्यायचं नाही. सकाळी उठल्यापासून घरी पोचेपर्यंत थेंब नाही. शाळेत आरोग्यावर व्याख्यानं व्हायची. ड्रिलमास्तर सांगायचे, विद्यार्थ्यांनी भरपूर पाणी प्यावं, त्याने रक्त शुद्ध राहतं. आम्ही दोघी कोरड्या पडलेल्या जिभेने ते वहीत उतरवून घ्यायचो.

मी पहाडातली, टिकले. ती नाही टिकली. उन्हाळ्याच्या तोंडाला तिला ताप भरला, पोटात कळा, लघवीला आग. वैद्यांनी तपासलं आणि तिच्या वडलांना विचारलं, ‘पोरीला घरात पाणी देत नाही काय?’ तेव्हा कुठे त्या बापाला सगळं कळलं. त्याआधी ती लाजेने बोललीच नव्हती. ती बरी झाल्यावर तो तिला घेऊन थेट हेडमास्तरांच्या खोलीत शिरला. मी दारातच उभी होते.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘पोरीला शिकवायची हाय मला. पन ती मरून शिकायची नाय. तिच्यापुरता आडोसा करा. नाय तर मी तिला घरी नेतो.’

हेडमास्तरांनी चष्मा पुसला, खाकरले आणि म्हणाले, ‘त्या व्यवस्थेचा विचार चालूच आहे. मागच्या अंगाला अडगळीची खोली आहे, तिला लागून मोरी आहे. स्नेहसंमेलनापर्यंत ती रिकामी करून मुलींना देतो. माझा शब्द.’

‘संमेलनापावेत थांबतो,’ तो म्हणाला. ‘मंग नाय थांबायचा.’

आणि काय सांगू, खरंच खोली रिकामी व्हायला लागली! मोडकी बाकं निघाली, फाटके नकाशे निघाले, घुशींनी उकरलेली माती निघाली. आम्ही दोघी इतक्या हरखलो की एका रविवारी मामाकडून शेण आणून ती खोली आम्हीच सारवली. मोरी घासली. ती म्हणाली, ‘इथं खुंटीला आरसा लावूया गो.’ मी म्हटलं, आधी कडी लावू दे, मग आरसा. दाराला आतून कडी नव्हती. शिपायाने कडी बसवली तेव्हा आम्ही ती लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. पोरकटपणा म्हणा हवं तर. दार आतून बंद करता येणं ही काय चैन असते ते ज्यांच्या वाट्याला गडगा आला त्यांना नाही कळायचं.

संमेलनाच्या दिवशी सकाळी आलो तर दारावर खडूने टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘स्त्रिया’. माझ्या मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. अक्षर ड्रिलमास्तरांचं होतं. आम्ही दार ढकललं, तर आतून मुलांच्या हसण्याचा गलका! ड्रिलमास्तर धावत आले. ‘हां हां, आत जायचं नाही. इथे रंगपट केलाय.’

संमेलनात नाटक होतं आणि नाटकात बायकांची कामं मुलगेच करणार होते. ही स्त्रीपार्टी मंडळी लुगडी नेसताना बाकीची पोरं डोकावतात, चिडवतात, त्यांना लाज वाटते, म्हणून त्यांना आडोसा हवा होता. हवा म्हटल्याबरोबर मिळाला. मेल्यांना दुसऱ्यांदा मागावासुद्धा लागला नाही! आमच्या दोघींच्या लाजेला वर्षभर कुणी विचारलं नव्हतं. लुगडं नेसलेल्या मुलग्याची लाज मात्र लगेच सगळ्यांना समजली. आणि दारावर लिहिलं काय, तर ‘स्त्रिया’. मला आत्ता हे लिहितानाही अंगाचा तिळपापड होतो.

‘आजचा दिवस सांभाळून घ्या,’ ड्रिलमास्तर म्हणाले. आम्ही सांभाळून घेतलं. दुसरं करणार काय?

दुपारी पाहुण्या आल्या. पुण्याच्या एक विदुषी, स्त्रीशिक्षणावर बोलणाऱ्या. आल्याबरोबर त्यांना हेडमास्तरांच्या घरी चहाला आणि हातपाय धुवायला नेलं. त्यांची व्यवस्था चोख होती. मग त्यांना इमारत दाखवायला आणलं. आम्ही गुलाबपाणी आणि हार घेऊन मागे मागे. मुलींचा संमेलनातला सहभाग काय, तर हा! बाई मागच्या अंगाला आल्या, दारावरची अक्षरं वाचून थांबल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘अय्या, मुलींसाठी स्वतंत्र खोली? तालुक्याच्या गावी? कौतुक आहे हो तुमचं!’

हेडमास्तर हसले. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत, नुसते हसले आणि त्यांना पुढे घेऊन गेले. दार उघडून बघावंसं त्या विदुषींनाही वाटलं नाही. हार घेऊन उभ्या असलेल्या आम्हा दोघींपैकी एकीला विचारलं असतं तरी पुरे होतं. पण भाषणाला मजकूर मिळाला होता, आता आणखी कशाला विचारायचं?

मांडवात गावोगावचे पालक आले होते. दासगावहून तिचे वडीलही आले होते, धुतलेलं धोतर, डोक्याला नवं मुंडासं. बाईंनी भाषणात त्या खोलीचा उल्लेख केला. ‘ज्या शाळेत मुलींच्या गरजेचा असा विचार होतो, तिथेच खरी प्रगती आहे!’ टाळ्या पडल्या. तिच्या बापाने सगळ्यांत जोरात वाजवल्या. मग वळून शेजारच्याला म्हणाला, ‘माझ्याच पोरीची खोली हाय ती.’ माझ्या मैत्रिणीने मान खाली घातली. तिच्याने सांगवेना, आणि माझ्याने तर त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना.

भाषणं लांबत गेली. ती सकाळपासून तशीच बसलेली, आजारातून नुकती उठलेली. शेवटी तिला राहवेना. तोंड पांढरं पडलं. बापाच्या ध्यानात आलं. तो उठला, तिला म्हणाला, ‘चल गो, आता तुझी खोली हाय, कशाला भितेस?’ आणि तिला काही बोलूच न देता मागे घेऊन गेला. मी पाठोपाठ धावले.

दाराशी एक बाई पाठमोरी उभी होती. नऊवारी लुगडं, अंबाड्यावर गजरा, दोन्ही खांद्यांवरून पदर. आमच्याकडचा पुरुष परक्या बाईपुढे जसा वागतो तसा तो वागला. लांबूनच खाकरला, नजर खाली घातली, अंग चोरून उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाय, आत कोन हाय काय? माझ्या लेकीला जायचा हाय जरा.’

बाई वळली. ओठांत विडी, गालावर सफेता, त्याखाली दाढीचे खुंट. दोनदा नापास झालेला आमच्याच वर्गातला घोडा होता तो! घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘इथे मुलींना मनाई आहे. ड्रिलमास्तरांनी सांगितलंय.’

आतून खो खो हसणं ऐकू आलं. तिचा बाप त्या रंगवलेल्या तोंडाकडे बघतच राहिला. मग दाराकडे बघून त्याने मला विचारलं, ‘काय लिवलाय गो ह्यावर?’

मी वाचून दाखवलं.

तोवर हेडमास्तर आले. पाहुण्या बाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात म्हणाले, ‘गैरसमज झाला. नाटकाचे पडदे, पोशाख सगळं नवं घेतलंय, ते ठेवायला दुसरी जागा नाही. पुढच्या वर्षी मुलींची व्यवस्था नक्की करू.’

‘वेवस्था हाय की,’ तो म्हणाला. आवाज जराही चढवला नाही त्याने. ‘पोरांची हाय. लुगडा नेसून उभी ऱ्हायली तरी पोरांचीच हाय.’ आणि मुलीकडे वळून म्हणाला, ‘चल.’

तेव्हा ती बोलली. शाळेत शिकलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. बापाचं धोतर धरून म्हणाली, ‘बाबा, मी पानी नाय पिनार. घरीसुदिक नाय पिनार. मला शाळेत राऊ दे.’

बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘म्हनूनच नेतोय गो तुला,’ तो म्हणाला. त्याने तिला हाताला धरून शेजारच्या गल्लीत एका ओळखीच्या घरी नेलं आणि तिथून मोटरीकडे. मी कोपऱ्यापर्यंत गेले. तिने मागे वळून पाहिलं. मांडवात नाटकाची घंटा झाली आणि लोक टाळ्या वाजवू लागले.

पुढचे दिवस मी बाकावर एकटी बसले. तिच्या बापाचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. रागाने माझं डोकं भणभणत होतं. शेवटी धीर करून मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले. म्हटलं, ‘सर, खोली दिलीत तर मी मामांना दासगावला पाठवते. तिचे वडील तिला परत पाठवतील.’

हेडमास्तरांनी माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं. तो मायाळूपणाच मला सगळ्यांत जास्त झोंबला.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘आता तू एकटीच राहिलीस. एका मुलीसाठी खोली कोण देणार?’