बहिऱ्या मेंढ्या

मी गेम डेव्हलपमेंटच्या शेवटच्या वर्षाला होते. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायचा गेम बीडहून आष्टीला जाताना एसटीत लॅपटॉपवर तपासत होते. शेजारी एक म्हातारे मेंढपाळ होते. गेममधल्या मेंढ्या दिसताच त्यांनी कपाळावर आडवा हात धरला आणि कळप लांब माळावर असल्यासारखं स्क्रीनकडे पाहिलं.

"पोरी, भर उन्हात मेंढरं अशी सुटी ऱ्हातेत का?"

"मग कशी राहतात, मामा?"

"एकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालतेत. झाड न्हाई, तर शेजारणीची सावली घ्यायची."

आष्टी येईपर्यंत मी मेंढ्यांना तसं करायला लावलं. मामा इतके खूश झाले की त्यांनी स्क्रीनला जोरात "हर्रर्र" अशी हाक दिली. कंडक्टरसकट सगळी गाडी हसली. मेंढ्या ढिम्म.

"लई गुणाची हायेत, पण बहिरी हायेत," म्हणत मामा उतरून गेले. नाव विचारायचं राहिलंच.

मुलाखतीत मी लाज सोडून लॅपटॉपसमोर मामांसारखंच "हर्रर्र" ओरडले. साऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. नोकरी लागली.

मामा पुन्हा भेटले तर एवढंच सांगायचंय, मेंढ्यांना आता ऐकू येतं.