माझे व्याही आणि सागवानाचा तुकडा

जगात कधीतरी वाईट होणार आहे, हे सगळ्यांनाच थोडंफार माहीत असतं. पण ते आज, इथं, चहा गार व्हायच्या आत होणार आहे अशी पक्की खात्री असलेला माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझे व्याही. राहायला अहमदपूरला, मूळ गाव भूकंपात गेलेलं. आमच्या मुलीला बघायला नांदेडला आले, तेव्हा घरात पाऊल टाकताच त्यांनी मान वर केली. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन समोर उभी आणि हे छत निरखतायत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोरगी लई चांगली हाय, इवाई. आम्हाला पसंत. पण तुमच्या स्लॅबला चीर हाय." लग्न ठरलं, आणि मी मांडववाल्याच्या आधी गवंडी बोलावला.

कुणाच्याही घरी गेले तरी त्यांची खुर्ची दाराच्या चौकटीखाली. बाकीच्या पाहुण्यांनी त्यांचे गुडघे ओलांडून आत-बाहेर करायचं. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली आणि बशीत कप जरा खुळखुळला की हे कपासकट अंगणात. एकदा तर बिस्किटांची ताटलीही घेऊन गेले. "जे वाचंल ते वाचवावं," म्हणाले, आणि अंगणात उभ्या उभ्या ती संपवली. लग्नात वधूवरांना आशीर्वाद काय दिला, तर "सुखानं नांदा, अन् पत्र्याच्या घरात नांदा." माझ्या बायकोला हसू आवरेना. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. तेव्हा मला ते थोडं चमत्कारिक वाटलं होतं.

अडतीवरची मुनिमी सोडल्यावर या गृहस्थांनी लेथ घेतला. नांदेडात एक खरादी चाचा आहेत, पलंगाचे पाय आणि लाटणी करणारे. त्यांचा जुना लेथ मीच मिळवून दिला, ही माझी चूक. लेथवर लाकूड गरगर फिरतं, त्याला पटाशी लावली की ते गोल होत जातं, एवढंच मला त्यातलं कळतं. दुसरा कुणी असता तर त्यानं नातवाला भोवरा केला असता. ह्यांनी धरली ती एकच वस्तू: पातळ पत्र्याच्या वाटीत येते ना, ती चपटी मेणबत्ती, तिच्यासाठी लाकडी स्टँड. बाभूळ, आंबा, कडुलिंब, हाती लागेल ते लाकूड बोटानं वाजवायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "ही फुटणार." मग त्या धास्तीनं पटाशी अशी दाबायची की ते खरंच फुटायचं. "बघा, म्हणलं नव्हतं?" हे म्हणताना त्यांचा चेहरा जवळजवळ प्रसन्न असे. चाचा एकदा कपाळाला हात लावून म्हणाले, "साब, लकडी से पैले तो तुम फुट जाते!" आणि चुकून एखादं स्टँड नीट उतरलं तर हे दिवसभर अस्वस्थ. "आज न्हाई तर उद्या तडकंल," म्हणून ते नातेवाइकांना वाटून टाकायचे. आमच्या घरात एकात लिंबं आहेत, एकात सुया.

"इवाई, दुसरं काही करा की," असं मी एकदा वैतागून म्हणालो. त्यांनी पलंगाखालून पोत्यात गुंडाळलेला एक तुकडा काढला. काळपट सागवान, वीतभर. गावाकडच्या घराच्या खांबाचा. त्या घरातून तेवढंच त्यांनी आणलं होतं. त्यांची धाकटी बहीण त्याच घरात गेली, हे मला मुलीकडून कळलेलं. त्यांच्या तोंडून तिचा विषय मी कधी ऐकला नव्हता. "गावचे लोक दर सालाला भूकंपाच्या स्मारकापाशी मेणबत्त्या लावत्यात. तिची याच्यात लावावी म्हणलं. त्याच्यासाठीच हात बसवायलोय. हे एकच हाय, इवाई. हे फुटलं तर दुसरं न्हाई."

आणि मी त्या लिंबा-सुयांच्या स्टँडना हसत होतो. मला फार वाईट वाटलं.

यंदा त्यांनी तो तुकडा लेथवर चढवला आणि मला मुद्दाम बोलावून घेतलं. पटाशी इतकी हलकी धरली होती की मला त्यांचा हातच ओळखू येईना. वरचा काळा थर उतरला, आतून मधासारखा रंग निघाला. मेणबत्तीपुरती खोबण पडत आली होती. तेवढ्यात खट्ट! पटाशीची धार उडाली आणि तुकडा उभा चिरला. त्यांनी लेथ बंद केला. मी त्यांच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत राहिलो. मनातून वाटत होतं, म्हणा एकदाचं, म्हणजे मला सुटल्यासारखं होईल. पण ते वाकून चिरेत बघत होते. आत गंजलेला खिळा होता.

"हा धाकटीनं ठोकलेला," ते म्हणाले. "शाळेचं दप्तर अडकवायला. आईनं लई बदडलं होतं तिला."

विहीणबाई दारात आल्या, खिळा पाहिला, आणि आत गेल्या.

चिरेवर तांब्याची तार गुंडाळून, खिळा तसाच ठेवून, ते स्टँड आम्ही स्मारकापाशी नेलं. सकाळी माळावर वारा सुटला होता. लोकांनी मेणबत्त्या लावल्या, हात जोडले, त्यातल्या बऱ्याच विझल्या आणि माणसं पांगली. आमची मात्र त्या खोबणीत जळत राहिली. बाजूनं दोन्ही तळवे धरून माझे व्याही मातीत मांडी घालून बसले होते. ऊन चढलं. स्मारकापाशी आम्ही दोघंच उरलो.

"चला आता, इवाई," मी म्हणालो.

"गणपतीला माहेरी आली होती ती. आदल्या दिवशी निघालीच होती. पिशवी भरलेली. म्याच म्हणलं, आजचा दिवस राहा." ते ज्योतीकडेच बघत होते. "आता तिच्या आधी म्या कसा उठू?"

मी पुन्हा खाली बसलो.