हुपरीच्या चार जावा आणि भारतातला सगळ्यात चांगला डोंगर

“काश्मीर नको म्हणतीस, लडाख नको म्हणतीस. मग पाठवतीस कुठं आम्हाला? शेजारच्या गडमुडशिंगीला?”

अक्काताईंनी माझ्या टेबलावरचा भारताचा नकाशा स्वतःकडे फिरवून घेतला. मागे त्यांच्या तीन जावा उभ्या होत्या. ऑफिसात पाहुण्यांसाठी खुर्च्या दोनच. एकीवर अक्काताई, दुसरीवर चौघींच्या पिशव्या.

मी कोल्हापुरात एका टूर कंपनीत ट्रेक प्लॅनर आहे. कुठल्या माणसाला कुठल्या महिन्यात कुठल्या डोंगरावर चालायला न्यायचं, हे ठरवणं माझं काम. त्याआधी आठ वर्षं इथंच विमानाच्या तिकिटांच्या काउंटरला होते. स्वतः आखलेली आणि स्वतःच लीड करायची अशी ही माझी पहिली बॅच. देसाई सर, म्हणजे आमचे बॉस, स्पष्ट म्हणाले होते, “श्रद्धा, हे फसलं तर परत काउंटर.”

या चौघी हुपरीच्या. घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. आयुष्यभर मांडी घालून कड्या जोडायच्या आणि घुंगरं लावायची. अक्काताई चौसष्ट वर्षांच्या. त्यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. एकटीला कंटाळा येतो म्हणून त्यांनी सुलाताई, मंगलताई आणि धाकट्या रेखाला बरोबर घेतलं. तासाचे दोन तास झाले. मग गप्पांच्या नादात त्या शेजारच्या गावाला पोचायच्या आणि एसटीनं परत यायच्या.

“आता आजूबाजूचे सगळे रस्ते संपले,” मंगलताईंनी मला सांगितलं. “आता डोंगर पाहिजे. भारतातला सगळ्यात चांगला.”

“सगळ्यात चांगला असा एक नसतो, मावशी.”

“असतोय की. शोध.”

त्यांच्या हट्टाचं कारण मला नंतर कळलं. चौघी एकदम घराबाहेर, हे त्या घरात कधी झालंच नव्हतं. अक्काताई म्हणाल्या, “एकदा हो म्हणाल्यात घरातली. परत म्हणायची न्हाईत. तवा काय निवडायचं ते नीट निवड.” आवाज नेहमीसारखाच मोठा होता. मी वहीचं नवं पान उघडलं.

देसाई सरांचा हिशेब सोपा होता. हिमाचलच्या एका उंच खिंडीच्या बॅचला नेमकी चार माणसं कमी पडत होती.

“टाक ना यांना त्यात. बर्फ पण मिळेल.”

“सर, ती खिंड चार हजार मीटरच्या वर आहे. अक्काताईंना शुगर आहे.”

“डॉक्टरचं सर्टिफिकेट घे.”

“सर्टिफिकेट घेऊन हवा दाट होत नाही, सर.”

हे मी बोलून गेले. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की हवा विरळ होत जाते. शरीराला तिची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. त्याला आम्ही अ‍ॅक्लमटायझेशन म्हणतो. तो वेळ दिला नाही तर धडधाकट तरुणसुद्धा उलट्या करत खाली येतात. सरांनी त्या बॅचची यादी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “बरं. दुसरं काय, ते तू सांग. सोमवारपर्यंत.”

जागा निवडायच्या आधी माणसं चालताना बघायची, हा माझा नियम. म्हणून रविवारी चौघींना पन्हाळ्यावरून मसाई पठारावर नेलं. आमच्या धंद्यात टॉक टेस्ट नावाची एक साधी परीक्षा असते. चढताना माणूस पूर्ण वाक्य बोलू शकत असेल तर वेग बरोबर. बोलणं तुटायला लागलं की दम लागलाय, वेग कमी करायचा.

त्या दिवशी चढावर मी चार तास एका लग्नाची हकीकत ऐकली. मटणात मीठ कमी होतं की जास्त यावर सुलाताई आणि रेखात वाद होता. नवऱ्याच्या मामानं काय केलं, मामीनं त्यावर काय केलं, सगळं ऐकलं. एकही वाक्य तुटलं नाही. एका चढावर मीच मध्ये विचारलं, “मग मामा परत आला का?” आणि मलाच धाप लागली.

“बघ, हिला दम लागला,” अक्काताई म्हणाल्या. “बसवा हिला.”

पण उतरताना दोन गोष्टी कळल्या. पायऱ्या लागल्या की सुलाताईंचे गुडघे दुखतात. आणि अक्काताईंना दर दोन तासांनी काहीतरी खावं लागतं, नाहीतर हात थरथरतात. आल्यावर मी वहीत देशभरातले चालायचे प्रदेश लिहिले आणि एकेक खोडत गेले. लडाख आणि काश्मीरची उंचावरची तळी हवेमुळे गेली. मेघालयातले झाडांच्या मुळांचे पूल मला फार आवडतात, पण तिथं हजारो पायऱ्या उतरायच्या. सुलाताईंसाठी गेले. जिथं तंबूत राहायचं आणि वाटेत गाव लागत नाही ते सगळे ट्रेक अक्काताईंच्या खाण्यासाठी गेले. उरले केरळातले चहाचे डोंगर आणि उत्तराखंडातलं कुमाऊं. ती गावं हिमालयात, पण बेताच्या उंचीवर. एका गावातून दुसऱ्या गावात चालायचं आणि लोकांच्या घरी मुक्काम करायचा.

सोमवारी चौघी परत ऑफिसात. नकाशा परत त्यांच्याकडे फिरलेला.

“केरळात जळवा असतात व्हय?” मंगलताईंनी विचारलं.

“पावसानंतर असतात थोड्या.”

“मग आपल्या जवळच्या राधानगरीला काय वाईट हाय? तिथं बी हाईत की.”

केरळ गेलं. राहिलं कुमाऊं. मी फोटो दाखवले, उंची सांगितली, रोज सात-आठ किलोमीटर चालायचं म्हणून सांगितलं. मंगलताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिथल्या बाया त्या वाटेनं चालतात काय?”

“म्हणजे?”

“अगं, बाई डोक्यावर भारा घेऊन रोज जी वाट चालतीया, ती बरी असणार. लई उभी असली तर त्या दुसरी पाडतील की.”

काउंटर धरून इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण माझ्या वहीत हा प्रश्न नव्हता. मी तिथंच कुमाऊंतल्या एका मुक्कामाच्या घरमालकाला फोन लावला. तो म्हणाला, त्या वाटेनं गावातल्या बायका रोज गवत आणायला जातात. चढावर जागोजागी भारा टेकवायला दगडी कट्टे आहेत. मी ते मराठीत सांगितलं. मंगलताई जावांकडे वळून म्हणाल्या, “झालं. हितंच जायाचं.”

“आणि बर्फ?” अक्काताई.

“बर्फ दिसेल.”

“दिसेल! टीव्हीवर बी दिसतोय.”

“अक्का, बर्फात उभं राहायचं तर उंच जावं लागतं. मी तुम्हाला तिथं नेणार नाही. पण सगळ्या शिखरांची रांग समोर दिसते. नोव्हेंबरात आकाश स्वच्छ असतं.”

अक्काताईंनी जरा विचार केला. “बरं. पण दिसला न्हाय, तर हुपरीला येऊन घरातल्या सगळ्यांना तू सांगायचं. मी न्हाय सांगणार.”

दिवाळीची कामं संपवून आम्ही निघालो. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं कुमाऊंच्या पायथ्याचं काठगोदाम स्टेशन, मग जीप. चालणं सुरू झालं त्या दिवशी ढग होते. दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी जास्त ढग. देवदारांची वाट सुंदर होती, घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत होत्या, चौघी खूश होत्या. माझं लक्ष फक्त उत्तरेला. तिकडे धुतलेल्या चादरीसारखं पांढरं काहीतरी टांगलेलं. हुपरीला जाऊन काय बोलायचं, ते मी मनात जुळवायला लागले होते.

चौथा दिवस शेवटचा. एका धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर चढायचं आणि पलीकडच्या गावात उतरायचं. वाटेत गवताचे भारे घेतलेल्या दोन बायका भेटल्या. पुढची कमलादीदी, पन्नाशीची, हसरी. मंगलताईंनी तिला थांबवून विचारलं, “ओ दीदी, ये भारा कितने किलो का हाय?” कमलादीदीनं उत्तर द्यायच्या ऐवजी भारा कट्ट्यावर टेकवला आणि मंगलताईंच्या पाठीवर चढवून दिला. मंगलताई चार पावलं चालल्या आणि भाऱ्यासकट मटकन बसल्या. गवतातून फक्त हसण्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात अक्काताई खाली वाकल्या. त्यांचं लक्ष कमलादीदीच्या पायाकडे.

“हे पैंजण किधर से लिया?”

अल्मोड्याच्या बाजारातून, लग्नात सासरकडून आलं होतं, असं तिनं सांगितलं. अक्काताई तिथंच वाटेत बसल्या. तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. चष्मा पुसला.

“रेखे, हिकडं ये. हे आपल्या हुपरीचं हाय.”

“अक्का, असं कुणीबी करतंय.”

“गप. कडीला हा पीळ कोण घालतंय? चाळीस वर्सं काय झोपून काढली मी?”

ते खरंच हुपरीचं होतं का, मला सांगता येणार नाही. अक्काताईंना शंका नव्हती. कमलादीदीला समजावल्यावर तिलाही राहिली नाही. ती एकदा पैंजणाकडे आणि एकदा या बाईकडे बघत होती. एक कडी सैल झाली होती. अक्काताईंनी कमरेच्या बटव्यातून छोटा चिमटा काढला आणि हिमालयातल्या पायवाटेवर बसून ती नीट करून दिली. मग कमलादीदीनं अक्काताईंचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. भारे कट्ट्यावरच ठेवून तशाच दोघी बोलत धारेवर पोचल्या. एक कुमाऊनीत, एक कोल्हापुरीत. कुणाचंच काही अडलं नाही.

वर सपाट जागा होती. हात धरलेलेच होते. सुलाताई म्हणाल्या, “घाला की फुगडी.”

“अक्का, नको!” मी ओरडले. “उंचीवर आहात! आधी खाऊन घ्या!”

“शेंगदाण्याचा लाडू खाल्लाय मगाशी,” असं म्हणून त्यांनी पाय जोडले आणि फुगडी सुरू झाली. कमलादीदीला ती दोन गिरक्यांत जमली. दुसऱ्या जोडीत रेखा आणि दुसरी गवतवाली. सुलाताई गुडघ्यांमुळे बाजूला बसल्या, म्हणून तिसऱ्या जोडीला माणूस कमी पडत होतं. मंगलताईंनी मला ओढलं. टूर लीडरनं काय करू नये याची एक यादी आमच्या ऑफिसात आहे. त्यात फुगडी नाही.

गिरकी घेताना माझं तोंड उत्तरेकडं आलं आणि मला ते दिसलं. ढग फाटले होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बर्फाची शिखरं, इतकी वर, की तेवढ्या उंच आभाळात मी त्यांना शोधलंच नव्हतं. पुढच्या गिरकीला गेली, परत आली.

“बर्फ!” मी ओरडले. “अक्का, बर्फ! तिकडं बघा!”

“थांब गं!” अक्काताई गरगर फिरत ओरडल्या. “आता हात सोडलं तर दोघी पडू की!”

शेवटी सगळ्याच पडलो. सहा बायका गवतावर पसरलेल्या, वर बघून हसताहेत. रेखा म्हणाली, “नाद खुळा! डोंगर फिरतोय बघा!” अक्काताईंनी डोळे घट्ट मिटले आणि हात वर केला. “कुणी बोलू नका. आधी ते डोंगर थांबू देत. मग बघतो मी.”

डोंगर थांबले. त्यांनी डोळे उघडले.

मग चौघी गप्प झाल्या. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच. मी घाबरून अक्काताईंच्या मनगटाला हात लावला. नाडी ठीक होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

“लई मोठं हाय गं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. इतका हळू आवाज त्यांच्याकडे आहे, हे मला माहीत नव्हतं. “आणि कवापासनं हितंच हाय. आम्हालाच सवड न्हवती.”

अर्ध्या तासानं परत ढग आले. आम्ही खाली उतरलो. सुलाताईंचे गुडघे दुखले नाहीत. वाट गवतवाल्यांची होती.

कोल्हापूरला परतल्यावर देसाई सरांनी रिपोर्ट वाचला. “फुगडी” या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या आठवड्यात मात्र कुमाऊंची गावं आमच्या माहितीपत्रकात आली आणि माझं टेबल काउंटरपासून आणखी दोन हात लांब सरकलं. हुपरीला मला जावं लागलं नाही. अक्काताईंनीच सगळ्या गावाला सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांच्या मते त्यात शिखरं दर खेपेला वाढत गेली.

मी यातून एकच शिकले. क्लायंट “बर्फ पाहिजे” म्हणाला, की आता मी लगेच विचारते, पायाखाली की डोळ्यांपुढं? या दोन उत्तरांत जवळजवळ दोन हजार मीटरचा फरक असतो.