मांडवाच्या उजेडातला पालक

गोदामाचं शटर अर्धं वर गेलं आणि ओलं घोंगडं अंगावर पडावं तशी आतली हवा अंगावर आली. बाहेर औशाचं एप्रिलमधलं ऊन, कोरडं ठाक. आत मात्र नुसती घामट दमट हवा. वर पत्रा. पत्र्याखाली आडव्या पाइपला ओळीनं दहा हॅलोजन टांगलेले, निम्म्यांवर लाल जिलेटिन कागद, निम्म्यांवर निळा. खाली रॅकवर पालक आणि कोथिंबीर, दोन्ही माना टाकून. कोपऱ्यात लग्नमंडपातला जंबो कूलर धडधडत होता.

"कसं वाटतंय मॅडम?" मन्मथअप्पांनी विचारलं. त्यांचा चेहरा फुललेला होता.

"अक्षता तेवढ्या राहिल्यात," मी म्हटलं.

अप्पा मोकळेपणानं हसले. त्यांच्या मागे सून वैशाली उभी होती. ती हसली नाही.

माझं काम हीट लोड काढायचं. म्हणजे एखाद्या खोलीत उष्णता कुठून आणि किती येते, ती बाहेर काढायला काय लागेल, याचा हिशेब. लातूर आणि नांदेडकडची कोल्ड स्टोरेज, डाळ मिल, दुधाचे प्लँट ही माझी गिऱ्हाइकं. भाजीपाल्याच्या गोदामात मी पहिल्यांदाच आले होते. वैशालीनं कुणाकडून तरी माझं नाव मिळवलं होतं आणि फोनवर एवढंच म्हणाली होती, "ताई, आत लई गरम होतंय. तुम्ही एकदा येऊन अप्पांना सांगा." त्यातलं 'अप्पांना सांगा' मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मन्मथअप्पांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. औसा, निलंगा, पार लातूरपर्यंत त्यांचे मांडव पडायचे. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि औशाला टँकर. लोकांनी लग्नं पुढे ढकलली, ज्यांना ढकलता आली नाहीत त्यांनी दारातच उरकली. पाहुण्यांना पाणी कुठून पाजायचं? अप्पांचं सगळं सामान गोदामात पडून होतं. शेतातलं बोअर आटलं होतं. तेव्हा वैशालीनं हायड्रोपोनिक्सचं काढलं. म्हणजे मातीशिवाय पीक. पाइपातून खत विरघळवलेलं पाणी फिरतं, मुळं त्यात असतात, तेच पाणी परत टाकीत येतं आणि परत फिरतं. पाणी फार थोडं लागतं. लातूरच्या मेसवाल्यांना ताजा पालक द्यायचा, असा तिचा बेत होता.

अप्पांनी सामान एका बाजूला सारून गोदाम तिला दिलं. पण एका खत-बियाण्याच्या व्यापाऱ्यानं तेच गोदाम भाड्यानं मागितलं होतं, मिरगाच्या आधी. पहिलं पीक जळालं होतं. आता हे दुसरं माना टाकत होतं. यानंतर एकच पीक निघेल एवढे दिवस हातात होते. तेही गेलं की रॅक भंगारात आणि गोदाम व्यापाऱ्याला.

मी कामाला लागले. लक्समीटर काढला. लक्समीटर माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते मोजतो. झाडाचं गणित वेगळं असतं, पण अंदाजाला चालतं. हॅलोजनच्या तोंडाशी मीटरचा आकडा उड्या मारत होता आणि पालकाच्या पानावर धरल्यावर पार खाली बसला. दिवे लांब, त्यात कागद आडवा. मग मी टाकीत थर्मामीटर सोडला. पाणी आंघोळीला घ्यावं असं कोमट होतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा कमी होते आणि मुळं गुदमरतात. एक रोप उपसून पाहिलं. मुळं पांढरी असायला हवीत. ती तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती.

"लाल अन् निळा उजेड लागतो म्हने झाडाला," अप्पा म्हणाले. "मोबाइलवर बघितलं मी. तिकडं ते जांभळे लाइट लावत्यात, लई महाग हायत. म्हटलं, आपल्याकडं घरचं असताना कशाला? आठ दिस शिडीवर हुतो."

एवढ्यात बाहेरून हाक आली. टँकर आला होता. अप्पा धोतराचा सोगा सावरत तरातरा गेले.

मी वैशालीला समजावायला घेतलं. "हे बघ, लाल कागद लावला म्हणजे लाल उजेड वाढत नाही. तो कागद फक्त..."

"बाकीचे रंग अडवतो," ती म्हणाली. "अन् अडवलेल्याची उष्णताच होते. पांढऱ्या उजेडात लाल-निळा असतोच की ताई. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबवर पालेभाजी निघते. वीतभर उंचीवर टांगल्या की झालं."

मी मीटर खाली ठेवला. "तू काय शिकलीस?"

"बी.एस्सी. ॲग्री. परभणीला."

"आणि हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे?"

"हाव."

"मग बोलली का नाहीस? पहिलं पीक जळेपर्यंत बघत बसलीस?"

ती पाइपावरचा वाळका पाला गोळा करत होती. "माझ्या लग्नाला चार वर्षं झाली. पहिल्यांदा कुणी म्हटलं, बाई, तुला काय करायचं ते कर, ही घे जागा. अप्पांनीच म्हटलं. नवरासुद्धा बोलला नव्हता. त्यांनी या वयात शिडीवर चढून लाइट लावले. संध्याकाळी चार माणसं बोलावून दाखवले. त्यांना मी काय सांगू? तुमच्या लाइटमुळं माझं पीक जळतंय म्हणू? घरात मी त्यांच्याशी समोरासमोर बोलतबी न्हाई ताई. सासूबाईंना, आत्याबाईंना सांगते, त्या त्यांना सांगतात. अन् हे आत्याबाईंनी सांगण्यासारखं न्हाई."

"म्हणून मला बोलावलंस."

"तुमचं ऐकतील ते. तुम्ही बाहेरच्या."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी हीट लोडची फी घेते, निरोप पोचवायची नाही. शिवाय माझं माहेर बिलोलीचं. आमच्याकडे रविवारी विहारातून आलं की वडील आम्हा बहिणींना समोर बसवून वाद घालायला लावायचे, त्यांच्याशीच. गप्प बसलं तर रागवायचे. शिकलेली बाई सासऱ्याच्या दहा हॅलोजनपुढे गप्प बसते हे मला पचत नव्हतं. पण तिच्या हातातला तो वाळका पाला पाहिला आणि मी मीटर परत उचलला.

अप्पा परत आले ते बादली घेऊनच. कूलर रिकामा झाला होता, त्यात पाणी ओतायला लागले.

"अप्पा, हा कूलर दिवसाला किती पाणी पितो?"

"पितो की. एक बॅरल तर हायच. कधी दीड."

"आणि पालक?"

अप्पांनी वैशालीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहून म्हणाले, "मॅडम, विचारा तिला."

"ताई, टाकीत रोज दोन घागरी भर घालते," वैशाली मला म्हणाली. अप्पा तीन हातांवर उभे होते.

मी सरळ हिशेब मांडला. हॅलोजन वीज खातो त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन बाहेर टाकतो. हे दहा मिळून अडीच गिझर दिवसभर चालू ठेवल्यासारखे आहेत. वर पत्रा तापतो तो वेगळा. ती उष्णता मारायला कूलर. कूलर पाणी हवेत सोडूनच गारवा देतो, आणि ती ओली हवा बाहेर गेली तरच त्याचा उपयोग. इथं एरवी शटर बंद, खिडक्या बंद. थोड्या वेळात हवा भिजते, कूलर नुसतं पाणी पितो. पाणी वाचवायला काढलेल्या शेतीत पालक दोन घागरी पितो आणि त्याच्या शेजारचा कूलर दीड बॅरल.

अप्पांची बादली हातातच राहिली. टँकरच्या रांगेतून आत्ताच आलेल्या माणसाला याहून जास्त समजावायची गरज नव्हती. त्यांनी कूलरचं बटण बंद केलं. गोदाम एकदम शांत झालं.

"अन् लाइट?" त्यांनी विचारलं.

"ते काढावे लागतील. सगळे."

"म्हंजे माझ्यामुळंच जळतंय म्हना की."

वैशालीनं पदर पुढे ओढला. हो म्हणायची पाळी माझी होती, त्यासाठीच मला बोलावलं होतं. "हो अप्पा," मी म्हटलं.

ते लोखंडी खुर्चीवर बसले. वर दिव्यांकडे बघत राहिले. मला वाईट वाटलं. आयुष्यभर लोकांच्या घरचं कार्य उजळून दिलेला माणूस होता तो.

"मग काय, अंधारात लावायचं पीक?" ते म्हणाले.

मी सांगायला लागले. पांढऱ्या एलईडी ट्यूब, एका कप्प्याला चार, पानापासून वीतभर वर. सगळ्या मिळून हॅलोजनच्या दहाव्या हिश्शाएवढीच वीज लागेल आणि उष्णताही तेवढीच. ट्यूब पेटवायच्या संध्याकाळी आणि विझवायच्या सकाळी, म्हणजे बाहेर गारवा असतो तेव्हाच आत दिवे असतील. झाडाला घड्याळ कळत नाही. रोज सारखे तास उजेड मिळाला आणि मग सलग अंधार मिळाला की त्याचं भागतं. वर एक्झॉस्ट फॅन, खाली हवा यायला जाळी. टाकी बाहेर सावलीत, जमिनीत पुरून.

"खड्ड्याचं सोपं हाय," अप्पा म्हणाले. "खांबाचे खड्डे घेणारी पोरं रिकामीच बसल्यात."

मग मी अडले. दिवसा तापणाऱ्या पत्र्याचं काय करायचं? कोल्ड स्टोरेजला आम्ही जाड इन्सुलेशन पॅनल लावतो. तो खर्च या गोदामाला झेपणारा नव्हता. मी तसं सांगितलं.

"ताई," वैशाली म्हणाली, अगदी हळू, "मांडवाचं पांढरं कापड आहे. पत्र्याच्या दोन हात खाली ताणून बांधलं तर? मधली गरम हवा फॅननं बाहेर जाईल. अन् भिंतींनाबी बांधलं तर उजेड परत पानावर येईल."

अप्पा माझ्याकडे वळले. "मॅडम, विचारा तिला, साधं का साटीन?"

"साटीन चमकतं, भिंतीला ते. वर साधं, दुहेरी," वैशालीनं मला सांगितलं.

"तिला म्हनाव, दुहेरीला झोळ पडतो. मधी दोरी घ्यावी लागंल."

"ताई, त्यांना म्हणावं, दोरी तर पाहिजेच."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. दोघांचा आवाज दोघांना नीट ऐकू येत होता. तरी बोलणं माझ्यावरून जात होतं. पण बोलणं झालं. अर्ध्या तासात छताचा, भिंतींचा, फॅनच्या जागेचा बेत त्यांनी ठरवला आणि त्यात माझं काम फक्त मान हलवायचं होतं.

दिवे अप्पांनी स्वतः उतरवले, असं मला नंतर कळलं. कापडही त्यांनीच ताणलं.

तिसरं पीक तयार होत आल्यावर मी एकदा तपासायला गेले, पहाटेच, ट्यूब विझायच्या आत. शटर उघडलं तर आत बाहेरच्याइतकीच गार हवा. पांढरं कापड असं ताणलं होतं की एक सुरकुती नव्हती. कोथिंबीर काही साधली नव्हती, तिला फुलं आली होती. पालक मात्र तळहाताएवढा, हिरवागार, मुळं पांढरी. मला फार बरं वाटलं. कोल्ड स्टोरेजमध्ये आकडा जुळला की समाधान होतं, पण तिथं असं हात फिरवून बघावं असं काही नसतं. वैशालीचे पहिले दोन मेसवाले ठरले होते. अप्पांनी व्यापाऱ्याला निम्मं गोदाम द्यायचं कबूल केलं होतं, मध्ये कापडाचा पडदा घालून. खत-बियाण्याला तेवढी जागा पुरे होती म्हणे.

वरच्या कप्प्यातला पालक वाढून ट्यूबला टेकायला आला होता. कडेची पानं करपायला लागली होती. अप्पांच्याही ते लक्षात आलं.

"मॅडम, ट्यूब वर घ्यायच्या का पानं कापायची?"

उत्तर मला येत होतं. वैशालीलाही येत होतं. ती तोंड उघडून माझ्याकडे वळली, नेहमीसारखं माझ्यामार्फत सांगायला. मी मीटर पिशवीत टाकला, चेन लावली आणि म्हटलं, "मला आज निरोप्याचं काम जमायचं नाही. तुमचं तुम्ही बघा."

अप्पांनी रॅकच्या दांडीवरून बोट फिरवलं, धूळ आहे का बघावं तसं. मग दांडीकडेच बघत म्हणाले, "वैशाली, किती घ्यायच्या?"

"वीतभर वर घ्या, अप्पा," ती म्हणाली. "डावी बाजू आधी. नाहीतर रॅक कलतो."

अप्पांनी डावी बाजू आधी घेतली.

त्या गोदामातून मला परत कधी बोलावणं आलं नाही. आमच्या धंद्यात काम नीट झाल्याची दुसरी पावती नसते.