दसऱ्याचा दोरा आणि पौषातली किक

आमच्या घरात गाडीला हात लावायचा मान पुरुषांचा आणि गाडी सुरू झाली नाही की खोट बायकांच्या पायगुणात. हे कुणी ठरवलं, मला एकदा भेटायचंय त्याला. गेल्या पौषातलं आठवलं की अजून डोकं तापतं बघा.

सूनबाईला परभणीच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला जागा मिळाली होती. लग्नाला चार वर्षं झाल्यावर पोरीनं पुन्हा पुस्तक हातात धरलं, सोपं हाय का ते? साडेसहाची बस फाट्यावर यायची आणि फाटा आमच्या गावापासून सहा किलोमीटर. पोरगा मोटरसायकलवर सोडून यायचा. दिवाळीपर्यंत झकास चाललं. मग थंडी पडली. आमच्याकडची थंडी ज्यानं खाल्ली नाही त्याला काय सांगू, शेकोटीला तोंड भाजतं आणि पाठ गारच. त्या थंडीत गाडी काही उठेना. आणि दवाखान्याचा नियम असा, की तीनदा उशीर झाला की नाव कमी.

पहिल्या दिवशी पोरानं किका मारून मारून स्वेटर काढून टाकला. आमचे हे ओसरीवर शाल पांघरून हुकूम सोडायलेत. "प्लग काढ! आडवी कर! अजून आडवी!" प्लग काढून माझ्या गॅसवर भाजला, तिथं चहा उकळत होता माझा. अंघोळीचं कढत पाणी इंजिनावर ओतलं. शेवटी गल्लीभर ढकलत नेल्यावर गाडी खोकत खोकत सुरू झाली, तवर बस गेली. दुसऱ्या दिवशी तेच. झाले दोन उशीर.

त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "गाडीच नको म्हणायलीय. शकुन काही बरा न्हाई. ऱ्हाऊ द्या आता ते शिकणं."

सून ताटाकडं बघत राहिली. माझ्या मात्र अंगाची लाहीलाही झाली. लोखंडाच्या गाडीला शकुन कळतो, आणि घरातल्या माणसांना पोरीचं तोंड वाचता येत नाही?

आता मी काही शाळेत गेलेली नाही. पण विहिरीवरचं डिझेल इंजिन बारा हिवाळे मी हँडल मारून चालू केलंय, हे शेजारच्या गावाला गेले असले की. गार इंजिनाचा स्वभाव मला ठाऊक. माहेरी भावाच्या गाडीला सकाळी चोक पुरा ओढल्याशिवाय ती जागी होत नसे, तेही बघितलेलं.

मी पोराला विचारलं, "चोक पुरा ओढतोस का रे?"

"ओढतो की माय. तू चहा टाक."

चहा टाक! बाईनं गाडीवर एक शब्द काढला की तिला चुलीपाशी धाडायचं. मी चहा टाकला. कढू दिला चांगला.

तिसऱ्या दिवशी पोरगा उठायच्या आधी मी मोबाइलचा उजेड घेऊन गाडीपाशी गेले. डाव्या मुठीपाशी दसऱ्याचा लाल दोरा. झेंडूचा हार कधीच वाळून गळाला होता, दोरा तसाच. यांनी पूजेच्या दिवशी मोठ्या भक्तीनं सात वेढे दिलेले, अन् मुठीपाशी असलेली चोकाची दांडीही त्याच वेढ्यांत आवळलेली! दसऱ्याच्या उकाड्यात चोक लागतो कुणाला? म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि पूजेचा दोरा आपला आपण गळायचा, कुणी तोडायचा नाही, ही आमची रीत. पोरगा ओढायचा तेव्हा दांडी नखभरच सरकायची, त्याला वाटायचं झालं.

मी विळा आणला. तेवढ्यात हे ओसरीवरून ओरडले, "अगं अगं, पूजेचा हाय त्यो!"

"पूजेचाच हाय. चोक आवळून टाका म्हणून देवानं सांगितलं का तुमाला?"

"दोरा तोडला अन् काही झालं म्हंजे?"

"न्हाई तोडला तर काय होतंय ते दोन दिवस बघायलेच की!"

कापला मी. दोरा तुळशीत ठेवला, नमस्कार केला. दांडी पार शेवटपर्यंत ओढली अन् पोराला हाक मारली, "ये, मार आता." दुसऱ्या किकेला गाडी अशी बोलली, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. सूनबाई डबा घेऊन मागं बसली. जाताना तिनं वळून माझ्याकडं बघितलं, बस्स.

संध्याकाळी ती आली ती हसतच. "आत्या, हजेरीवर वेळेत सही झाली."

आणि ओसरीवर आमचे हे शेजाऱ्याला सांगायलेत, "मीच म्हणलं पोराला, चोक बघ आधी."

मी आतूनच ओरडले, "चहा टाकू का तुमाला?"

शेजारी हसला. यांनी शाल कानावर ओढून घेतली. यंदाच्या दसऱ्याला दोरा मी बांधला, आरशाच्या दांडीला, यांच्या डोळ्यांदेखत. अन् थंडी पडल्यापासून किक सूनच मारते, चोक पुरा ओढून.