सुगंधाबाई खाली ठेवतात

औरंगपुऱ्यामागच्या त्या पत्र्याच्या हॉलच्या पायरीवर मी तीन वर्षं बसले. आत माझी धाकटी मुलगी जुडो शिकायची, मी बाहेर मेथी निवडायचे. मुली गादीवर आपटल्याचे आवाज ऐकून ऐकून कोण पडलं ते मला न बघता कळायला लागलं. सगळ्यांत स्वच्छ आवाज सुगंधाबाईंचा. पडण्याचा मार हातानं झेलायचा असतो; पाठ टेकायच्या आत त्यांचा तळहात गादीवर सपकन बसायचा.

सुगंधाबाई हॉल झाडायच्या, गाद्या अंथरायच्या. शेंद्र्याकडच्या धनगराच्या घरातल्या. नवरा गेला, मेंढरं दिरांनी वाटून घेतली आणि या हॉलमागच्या खोलीत येऊन राहिल्या. शिकणाऱ्या मुली सात. जोड्या लावल्या की एक उरायची. एके दिवशी शिकवणारे बद्रीनाथ सर म्हणाले, "सुगंधाबाई, हिच्यासाठी पडाल का जरा?" तेव्हापासून सरांनी दिलेला जुना जाड कोट आणि विजार घालून त्या पडायला लागल्या. चाळिशी उलटलेली बाई.

"लागत नाही का हो?" मी एकदा विचारलं.

"लागतंय की. पण कुणी धरतं तरी," त्या म्हणाल्या. "दिवसभर झाडूबिगर काय येतंय माझ्या हातात?"

मी मेथीत डोकं घातलं.

दिवाळीनंतर आठवी मुलगी आली आणि जोड्या पुऱ्या झाल्या. सुगंधाबाई दोन दिवस कोट घालून भिंतीशी नुसत्या उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी सरांनीच मार्ग काढला. "पिवळ्या पट्ट्याची परीक्षा द्या. पट्टा आला की तुम्ही इथल्या विद्यार्थिनी. मग जोडी असो नसो, तुमचा नंबर लागणारच."

परीक्षा हातांच्या डावांची होती. समोरचीला हातांनी ओढायचं, उचलायचं आणि टाकायचं. सुगंधाबाई हजारदा पडल्या असतील, पण टाकलं कुणालाच नव्हतं.

एक डाव मात्र त्यांना बघताक्षणी आला. खाली वाकून समोरचीच्या मांड्यांमधून हात घालायचा, तिला आडवी खांद्यांवर घ्यायची, उठायचं आणि पलीकडे टाकायचं. जपानी नाव काता-गुरुमा. मुली महिनाभर त्यात अडकल्या होत्या.

"अवो सर, हे तर लंगडं मेंढरू उचलणं," सुगंधाबाई म्हणाल्या. "वढा वलांडताना आमी असंच घेतो."

मग रोज सकाळी त्या गादीची वळकटी खांद्यावर घ्यायच्या आणि पलीकडे टाकायच्या. वळकटी धाडकन पडायची. सर खूश होते.

परीक्षा घ्यायला बाहेरगावचे तात्यासाहेब आले; मेंढराची गोष्ट सरांनी त्यांना सांगितली होती. सुगंधाबाईंसमोर माझ्या धाकटीला उभं केलं. मी दारात. सुगंधाबाई वाकल्या आणि पोरगी अशी अलगद खांद्यांवर गेली, की तिचं तिलाही कळलं नसावं.

"टाका," सर म्हणाले.

सुगंधाबाई तशाच उभ्या. मग त्यांनी एक गुडघा टेकला आणि पोरीला हळूच पायांवर उभी केली. वर तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मुली फिसकन हसल्या. "मावशी, मला पण घ्या ना," एक म्हणाली.

"बाई, मेंढरू नाय ते," तात्यासाहेब म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा उचलली. या वेळी खांदा झुकला, धाकटीचे पाय हवेत फिरले, आणि तेवढ्यात सुगंधाबाईंचा हात तिच्या मानेखाली गेला. पुन्हा अलगद खाली. तिसऱ्यांदाही तेच.

"उचलता छान," तात्यासाहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले. "पण टाकल्याशिवाय डाव पुरा होत नाय."

सगळे गेल्यावर सुगंधाबाई पट्ट्याविनाच पायरीवर येऊन बसल्या.

"वळकटी तर टाकत होतात की," मी म्हटलं.

"वळकटी कुठं मानेला धरती, ताई? तुमच्या पोरीनं वर गेल्या गेल्या मला गच्च धरलं." त्यांनी कोटाच्या कॉलरवरून बोट फिरवलं. "तिथनं कसं टाकावं, सांगा."

"सरांना सांगितलंत का हे?"

"काय सांगू? त्यांचं बी खरंच हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाद्या अंथरल्या, कोटाची घडी घालून आत ठेवली आणि लुगड्यातच बाहेर आल्या. माझ्याहून एक पायरी खाली बसल्या. मी मेथीची अर्धी जुडी पुढे सरकवली. त्या निवडायला लागल्या, पण डाव्या हातानं. उजवा पायरीवर मोकळा ठेवला होता. आत कुणी पडलं की तो तळहात दगडावर सपकन बसायचा.