माफी मागताना पडणारं पान

आमच्या गावच्या तलावाचं पाणी उन्हाळी धानाला सुटतं तेव्हा नंबरावरून दरवर्षी भांडणं होतात. म्हणून पाणीवाटप समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांनी, मला नंबर लावायची वेबसाइट करायला लावली. मी कंपनीचं काम अड्याळजवळच्या घरूनच करते. काकांच्या मते याचा अर्थ मी दिवसभर रिकामी असते.

"बिघडली तं काय दिसन?" त्यांनी विचारलं.

मी नेहमीचं पान दाखवलं : 'तांत्रिक अडचण. पुन्हा प्रयत्न करा.'

काका भडकले. "असं तोडून बोलते काय कोणी? आपल्या माणसाले नात्यानं बोलाव. मामा, भाऊजी, व्याही. मंग माफी मांग!"

गावात सगळेच काकांचे कोणी ना कोणी. प्रत्येक नावापुढचं नातं त्यांनी स्वतः सांगितलं, मी भरलं. वेबसाइट आधी नातं शोधायची, मग बोलायची. बिघाड झाला तरी आधी नातं, मग माफी. मलाही तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

नंबर लावायच्या शेवटच्या दिवशी सकाळी काकूनं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. कोरं पांढरं पान. तिच्या माहेराकडून आलेली बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, तिच्या नावावर आहे. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होते, रोवणीच्या बाया सांगून झाल्या होत्या आणि संध्याकाळी नंबर बंद होणार होते. उशिरा आलेल्याला पाणी नाही, हा नियम काकांचाच.

"पाणी नाही भेटलं तं पऱ्ह्यायची काय भाजी करू व?" काकू म्हणाली.

बाकी सगळ्यांचे नंबर धडाधड लागत होते. काकूचाच लागेना. मी दुपारपर्यंत माझं कोड उलटंपालटं केलं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, विनाकारण चहावर चिडले. शेवटी सर्व्हरवरच्या चुकांच्या नोंदी नीट वाचल्या. माफीचं पान उघडत होतं आणि उघडताच बंद पडत होतं. पडल्याबद्दल माफी मागायला पुन्हा तेच पान यायचं, तेही पडायचं. काकूच्या नावापुढं नात्याची जागा रिकामी होती. नातं सापडत नाही म्हणून चूक, आणि चुकीची माफी मागायलाही नातंच हवं.

काका ओसरीवर समितीच्या दोन मेंबरांसोबत चहा पीत होते.

"काहून जी काका, काकूपुढं नातं काहून नाही सांगितलं?"

काका इकडंतिकडं पाहू लागले. "काय सांगू? घरवाली? चारचौघांत?"

"तुमी तिले हाक काय मारता?"

"आयकून राह्यली काय, म्हणतो."

एका मेंबराचा चहा धोतरावर सांडला. 'आयकून राह्यली काय, तुमचा नंबर लागला,' असंच लिहावं, असं दुसऱ्यानं सुचवलं. काकांचे कान लाल झाले.

"राहू दे मंग या साली तिचा नंबर," ते म्हणाले.

मला सणकून राग आला. काही बोलणार, तोच काकू दारात येऊन उभी राहिली.

"काहून राहू दे? मले नाव नाही काय? नाव टाक व पोरी."

मी तसंच केलं. नातं नसेल तर नाव घ्यायचं, आणि माफीच्या पानानं काहीही न शोधता नुसती माफी मागायची. एवढंसं काम होतं, आणि मी अर्धा दिवस घालवला होता. काकूनं बटण दाबलं आणि मोबाइल काकांच्या हातात दिला. "चष्मा नाही माह्याजवळ. वाचा."

"तुमचा नंबर लागला आहे," काकांनी वाचलं.

"वरून वाचा ना."

वर तिचं नाव होतं. काकांनी मेंबरांकडं पाहिलं, घसा खाकरला आणि नाव वाचलं. माझ्या जन्मापासून त्यांच्या तोंडून ते मी ऐकलं नव्हतं. मेंबरसुद्धा हसले नाहीत.

काकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बराबर आयकू नाही आलं," ती म्हणाली. "परत वाचा."